पिस्टन काय सांगतो

बंद पडलेली चेनसॉ टेबलावर आली की बहुतेकांचा हात आधी प्लगकडे जातो आणि मग कार्बोरेटरकडे. माझं सांगणं असं, की आधी सायलेन्सर काढा. दोन-तीन बोल्टचं काम आहे. सायलेन्सर निघाला की एक्झॉस्टचं तोंड उघडं पडतं आणि स्टार्टरची रस्सी हळू ओढली की त्या तोंडातून पिस्टन वरखाली होताना दिसतो. टॉर्च लावून त्याची बाजू नीट पाहा. चांगल्या पिस्टनवर कारखान्यातल्या बारीक आडव्या रेषा अजून शाबूत असतात. उभे ओरखडे दिसले, किंवा रिंग तिच्या खाचेत चिकटून बसलेली दिसली, तर प्लग बदलून आणि कार्बोरेटर धुऊन काही साधणार नाही. मशीन कदाचित सुरू होईल, पण लाकडात गेली की दम सोडेल.

या प्रकरणात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. पिस्टन आपोआप जात नाही, त्याला काहीतरी मारतं. ते कारण सापडायच्या आधी नवं बोअर-किट, म्हणजे सिलिंडर-पिस्टनचा संच, बसवलं तर तेही त्याच वाटेनं जातं, आणि बरेचदा पहिल्यापेक्षा लवकर जातं. घरच्या वर्कशॉपमध्ये जुनी चेनसॉ उभी करायची असेल तर खरं काम या शोधाचं आहे. पार्ट बदलणं त्या मानानं सोपं.

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली अशी विभागणी आपण रोजच्या बोलण्यात करतो, ती या मशीनच्या कामातही दिसते. घाटाखाली जळगाव जामोद, संग्रामपूरकडे संत्र्याच्या बागा आहेत. तिथे सल काढायला, म्हणजे झाडातलं वाळलेलं लाकूड छाटायला, हलकी मशीन लागते. घाटावर चिखली, मेहकर, देऊळगाव राजाकडे बांधावरची बाभूळ, सुबाभूळ, वादळात आडवा झालेला कडुनिंब, पावसाळ्याआधीचं सरपण. दुरुस्तीला येणाऱ्या मशीन दोन जातींच्या. एक, स्टिल किंवा हुस्कवर्ना यांच्यासारख्या कंपन्यांच्या, वर्षानुवर्षं वापरून रंग उडालेल्या. दुसऱ्या, ५८ सीसीचं लेबल आणि २२ इंची पट्टी असलेल्या चिनी बनावटीच्या, ज्यांना गावात नुसतं ‘कटर मशीन’ म्हणतात.

या मशीन दुरुस्त करणारे हात मात्र जुने आहेत. ज्यांनी राजदूत, येझदी, लूना उघडल्या आणि जोडल्या, त्यांना टू-स्ट्रोकचा स्वभाव माहीत आहे. त्या गाड्या रस्त्यावरून गेल्या तरी ती विद्या फवारणीच्या पॉवर पंपांत आणि चेनसॉत जिवंत राहिली. शिवाय १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि कापसाच्या बाजाराबरोबर जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने या भागात रुजले. जिथे असे कारखाने चालतात तिथे लेथ, ब्रेझिंग, बेअरिंगची दुकानंही टिकतात. घरी टेबल मांडून काम करणाऱ्याला एवढा आधार पुष्कळ आहे.

मशीनचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण जुन्या मॉडेलची रचना त्यातून कळते. जर्मनीत आंद्रेआस स्टिल यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी चेनसॉ बनवली आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरची. ही पेट्रोलची मशीन ४६ किलोंची होती आणि दोन माणसांनी धरावी लागे. एका माणसाला पेलेल अशी पेट्रोलची मशीन त्यांनी १९५० मध्ये आणली, तीही १६ किलोंची. १९५९ च्या ‘कॉन्ट्रा’मध्ये वजन १२ किलोंवर आलं. वजन घटलं ते मॅग्नेशियमच्या ओतीव खोळीमुळे, गिअर काढून चेन थेट क्रँकवरून फिरवल्यामुळे आणि इंजिनचे फेरे वाढवल्यामुळे. आज आपल्या हातात येणाऱ्या मशीनची जी दुखणी आहेत ती याच तीन गोष्टींतून येतात. खोळ हलकी आहे, फेरे प्रचंड आहेत आणि चुकीला जागा फार थोडी आहे.

चेनला तेल देणारी टाकी मशीनवर असते, पण इंजिनाला तेल देणारी वेगळी सोय नसते. इंजिनाचं तेल पेट्रोलमध्येच कालवलेलं असतं. चांगल्या प्रतीच्या २टी ऑइलसाठी ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. बहुतेक चिनी मशीनच्या पुस्तिकेत २५ ला १ सांगितलेलं असतं, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर. पूर्ण थ्रॉटलला मोकळी मशीन मिनिटाला १२-१३ हजार फेरे घेते, सेकंदाला दोनशेहून जास्त, आणि प्रत्येक फेऱ्याला एकदा जळण पेटतं. आता हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं तर काय होतं? ज्वाळेची उष्णता वाढते. पेट्रोलची वाफ होताना आतून जो थंडावा मिळायचा तो घटतो. आणि तेल पेट्रोलमधूनच येत असल्यानं तेही त्याच क्षणी कमी होतं. तिन्ही गोष्टी एकदम घडतात, म्हणून टू-स्ट्रोक पिस्टन काही मिनिटांत पकडतो, म्हणजे सिलिंडरला घासून अडकतो. फोर-स्ट्रोक मोटारसायकलचं मिश्रण थोडं बिघडलं तर ती कुरकुरते. चेनसॉ तशी कुरकुरत नाही, उलट मरायच्या आधी काही क्षण ती नेहमीपेक्षा जोरात आणि छान चालते. हा आवाज ओळखता आला पाहिजे.

पिस्टनवर लिहिलेलं वाचायचं ते असं. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मशीन तापली आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, थंड करणाऱ्या पंख्याची वाट भुश्श्यानं बुजली, किंवा बोथट चेननं तिला रेटलं. चारही बाजूंना चकचकीत अॅल्युमिनियम फासल्यासारखं दिसत असेल तर बहुधा तेल न घातलेलं पेट्रोल गेलं. घाईत दुचाकीचं पेट्रोल चेनसॉत ओतलं की हेच होतं. इनटेकच्या बाजूला बारीक, भुरकट, घासल्यासारखा पट्टा असेल तर धूळ आत गेली आहे. फिल्टर फाटला आहे, नीट बसलेला नाही, किंवा कार्बोरेटरमागचं रबर चिरलं आहे. काळ्या मातीची वाळलेली धूळ फार बारीक असते. ती फिल्टरच्या कडेनं गेली की एखाद्या हंगामात पिस्टनची खालची बाजू सैल करून टाकते. आणि एकच खोल, सरळ रेघ असेल तर आत काही तुटलं आहे. पिस्टन-पिनचं लॉक निसटलं, रिंगचा तुकडा पडला, किंवा बेअरिंगचा पिंजरा फुटला. असं दिसलं तर फक्त बोअर-किट घालून भागणार नाही, क्रँकची खोळ उघडावीच लागेल.

कम्प्रेशन गेज असेल तर १२० ते १५० पीएसआयच्या दरम्यान आकडा चांगला. ९० च्या खाली मशीन गरम झाल्यावर पुन्हा सुरू होत नाही. गेज नसेल तर स्टार्टरच्या मुठीनं मशीन हवेत टांगा. निरोगी मशीन टप्प्याटप्प्यानं, अडखळत खाली येते आणि कम्प्रेशन गेलेली सरळ घसरते. ही ढोबळ परीक्षा आहे, पण खरेदीच्या वेळी कामी येते.

आता कारणांकडे. सगळ्यात जास्त मशीन मारणारं आणि सगळ्यात कमी तपासलं जाणारं कारण म्हणजे चोरून आत येणारी हवा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची खोळ हा इंजिनाचा अर्धा श्वास असतो. कार्बोरेटरमधून मिश्रण आधी खोळीत ओढलं जातं आणि तिथून वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील, सिलिंडरखालचं गॅस्केट, इनटेकचं रबर, यांपैकी कुठेही चीर पडली तर कार्बोरेटरला वगळून हवा आत शिरते. वय झालेलं सील दगडासारखं कडक होतं. बाहेरून तेलाचा थेंबही दिसत नाही, पण आत हवा जात असते. याची खूण अशी, की थ्रॉटल सोडला तरी फेरे लगेच उतरत नाहीत आणि मशीन वाकडी केली की आवाज बदलतो.

हे तपासायचं उपकरण बाजारात मिळतं, पण घरात रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र पडलं असेल तर त्याचा फुगा आणि तबकडी पुरेशी आहे. सायलेन्सरच्या आणि कार्बोरेटरच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचे रबरी तुकडे लावून झाकण कसा. जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढा, रिकाम्या खोळीत एक नळी ब्रेझिंग करून घ्या आणि ती प्लगच्या जागी बसवून फुग्यानं २५०-३०० मिलिमीटरपर्यंत हवा भरा. तो दाब साधारण ०.३३ ते ०.४ बार होतो, चेनसॉसाठी योग्य. काटा मिनिटभर जागेवर थांबला पाहिजे. उतरायला लागला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील. हीच परीक्षा उलट्या दिशेनंही करायची असते, म्हणजे हवा ओढून, कारण सीलची ओठासारखी कड आतल्या दाबानं आवळते आणि ओढीनं सैल पडते. दाबाला टिकलेलं सील ओढीला फसू शकतं. त्यासाठी व्हॅक्यूम पंप उत्तम, आणि तो नसेल तर जनावरांना वापरतात तशी मोठी सिरिंज आणि चिमटीत धरायची नळी. ही परीक्षा दोनदा करावी, मशीन उघडायच्या आधी आणि जोडून झाल्यावर. आधी केली नाही तर ती का मेली ते कधीच कळत नाही, कारण उघडताना पुरावा पुसला जातो.

दुसरं कारण पेट्रोलमध्ये आहे आणि ते अलीकडचं आहे. पंपावर आता ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोलच्या एक किलोला जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. ई-२० ला सुमारे १३.५ किलो पुरते, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. म्हणजे जुन्या पेट्रोलवर लावलेल्या कार्बोरेटरमधून ई-२० गेलं की मिश्रणात जळण सुमारे ८ टक्क्यांनी कमी पडतं. नव्या मोटारीतला सेन्सर ते सावरून घेतो, पण बहुतेक चेनसॉमध्ये सेन्सर नसतो. बहुतेक नामांकित कंपन्यांच्या पुस्तिकांत १० टक्के इथेनॉलपर्यंतच परवानगी दिलेली असते. त्यामुळे जुनी मशीन उभी करताना कार्बोरेटर जुन्या खुणांवर लावून देणं आता धोक्याचं झालं आहे, पूर्ण थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारा एच स्क्रू थोडा जास्त उघडावा लागतो.

इथेनॉलचा दुसरा त्रास पावसाळ्यात होतो. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जूनमध्ये अर्धी भरलेली टाकी तशीच ठेवून मशीन कोठ्यात टाकली आणि दिवाळीनंतर काढली, तर टाकीच्या तळाशी पाणी आणि इथेनॉलचा वेगळा थर साचलेला असू शकतो. इंधनाचा फिल्टर नेमका तळाशीच लोळत असतो, म्हणून पहिला घोट त्याच थराचा जातो. कार्बोरेटरमधला पातळ रबरी पडदा, डायफ्राम, तोवर आकसून कडक झालेला असतो. चेनसॉच्या कार्बोरेटरला तरंगता फ्लोट नसतो. मशीन आडवी-उलटी कशीही धरता यावी म्हणून पेट्रोल मोजायचं काम हा पडदाच करतो, आणि पेट्रोल ओढायचा छोटा पंपही खोळीतल्या दाबाच्या धडकांवर चालणारा दुसरा पडदाच असतो. पडदा नखानं दाबला तर मऊ, लगेच वळणारा लागला पाहिजे. कागदासारखा कडकड वाजला तर किट बदला. किट स्वस्त असतं आणि ‘सुरू होत नाही’ अशा निम्म्या तरी तक्रारी त्यातच मिटतात, असा माझा अंदाज आहे. बंद ठेवायच्या आधी टाकी रिकामी करून मशीन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवावी. एवढंच केलं तरी पडदे कितीतरी जास्त टिकतात.

तिसरं कारण ऋतूचं आणि उंचीचं. मे महिन्यात घाटाखाली पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि डिसेंबरच्या सकाळी तो १० च्या आसपास असतो. या दोन हवांच्या घनतेत जवळपास ११ टक्क्यांचा फरक पडतो. दाट हवेबरोबर पेट्रोलही थोडं वाढतं, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. राजूर घाट उतरून मलकापूरच्या बाजूला आलं की उंची साडेतीनशे-चारशे मीटरनं कमी होते आणि हवा सुमारे ४ टक्के दाट होते. एवढ्यानं निरोगी मशीन मरत नाही. पण उन्हाळ्यात, घाटावर, अगदी काठावर लावलेली सेटिंग घेऊन कोणी हिवाळ्यात घाटाखाली सकाळच्या गारव्यात बाभूळ तोडायला बसला, आणि टाकीत ई-२० असलं, तर ही सगळी वजाबाकी एकत्र होते. म्हणून मी सेटिंग नेहमी थोडी भरलेली, म्हणजे पेट्रोल किंचित जास्त, ठेवायच्या बाजूचा आहे. ताकद किंचित कमी वाटली तरी चालेल.

आणि चौथं कारण चेन. चेन बोथट झाली की माणूस मशीनवर अंग टाकतो. फेरे दबतात, पंख्याची हवा कमी होते, पट्टी तापते, थ्रॉटल मात्र पूर्ण दाबलेला राहतो. पिस्टनला ओरखडे पडतात आणि दोष इंजिनाला दिला जातो. बांधावरच्या झाडाच्या बुंध्याला मातीचे शिंतोडे चिकटलेले असतात. पट्टीचं टोक एकदा जमिनीला लागलं तरी सगळ्या दातांची धार जाते. सागवानात सिलिका असते, तीही धार लवकर खाते. भुस्सा बघून परीक्षा होते. धारदार चेन जाड तुकडे, कीस काढते, बोथट चेन पीठ पाडते. पीठ पडायला लागलं की काम थांबवून कानस हातात घ्यायची.

आजच्या चेनचा दात ज्यांनी घडवला त्या जो कॉक्स यांची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये लाकूडतोडीचं काम करणारा हा माणूस १९४६ मध्ये एका ओंडक्यात शिरलेली लाकूड खाणाऱ्या भुंगेऱ्याची अळी बघत बसला. त्या काळच्या चेनचे दात करवतीसारखे ओरबाडत आणि दिवसातून पुनःपुन्हा घासावे लागत. अळी मात्र आपल्या वक्र जबड्यांनी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून लाकूड खरवडत सहज पुढे जात होती. कॉक्स यांनी तसाच वक्र, आळीपाळीनं डावा-उजवा दात बनवला आणि १९४७ मध्ये कंपनी काढली. आजही जवळजवळ प्रत्येक चेन त्याच वळणाची असते.

म्हणून घासताना त्या वळणाशी मेळ खाणारी गोल कानसच लागते. तीन लागोपाठच्या रिव्हेटमधलं अंतर मोजून त्याच्या निम्मं केलं की चेनचा पिच मिळतो. पिच ०.३२५ इंच असेल तर कानस ४.८ मिलिमीटरची. तीन अष्टमांश इंचाच्या मोठ्या चेनला ५.२ किंवा ५.५ ची, आणि त्याच पिचच्या पण हलक्या, छोट्या मशीनवरच्या चेनला ४ मिलिमीटरची. कोन साधारण ३० अंश, कानस आतून बाहेर, फक्त पुढे जाताना दाब. सगळ्यात लहान झालेला दात शोधून बाकीचे त्याच्या लांबीला आणावे लागतात, नाहीतर मशीन एका बाजूला ओढत कापते. दातापुढचा जो छोटा उंचवटा असतो तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा, कारण एका वेळी किती जाड कीस निघणार हे तोच ठरवतो. अनेक जण दात घासत राहतात आणि उंचवट्याला हातच लावत नाहीत. मग धार असूनही चेन लाकडावरून नुसती घसरते. उलट तो फार घासला तर चेन हिसका मारते, आणि तो हिसका मनगटावर येतो.

कारण सापडलं की जोडणी. क्लच काढताना ध्यानात ठेवा, त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेनं फिरवला की तो सुटतो. मॅग्नेटचा, म्हणजे चुंबक बसवलेल्या फ्लायव्हीलचा, नट मात्र सरळ आट्याचा. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून लोखंडी काही घालू नका, सुती दोरी घाला. पिस्टन दोरीवर दाबला जातो आणि इजा होत नाही. मॅग्नेट परत बसवताना त्याची चावी तपासा. ती कापली गेली असेल तर ठिणगी चुकीच्या क्षणी पडते आणि माणूस दिवसभर कार्बोरेटर खोलत बसतो. कॉइल आणि मॅग्नेटमध्ये साधारण ०.३ मिलिमीटर फट, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड. प्लगची फट ०.५ मिलिमीटर. विजेचं एवढं पुरे.

सिलिंडर लगेच फेकू नये. त्याच्या आत निकेलचा किंवा क्रोमचा कठीण थर असतो, आणि पिस्टन पकडतो तेव्हा बहुधा पिस्टनचं मऊ अॅल्युमिनियम त्या थरावर फासलं जातं. थर खाली शाबूत असतो. कॉस्टिक सोड्याचं पाणी कापसाच्या बोळ्यानं फक्त त्या डागावर लावा. अॅल्युमिनियमवर फेस येतो, डाग विरघळला की फेस थांबतो. फेस थांबतच नसेल तर वरचा थर गेला आहे आणि सोडा आता सिलिंडरचंच अॅल्युमिनियम खातो आहे. तो सिलिंडर मग संपला. पोर्टच्या कडांना, जिथे उघडं अॅल्युमिनियम असतं, तिथे सोडा लागू देऊ नये. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, जवळ पाण्याची बादली, आणि काम उघड्यावर. शेवटी भरपूर पाण्यानं धुऊन लगेच तेलाचा हात फिरवायचा. दगडी होनिंग करायला लेथवाल्याकडे नेऊ नका, मोटारसायकलच्या बिडाच्या बोअरसाठीचा तो दगड हा पातळ थर खरवडून टाकतो.

नव्या पिस्टनच्या डोक्यावर बाण असतो, तो एक्झॉस्टकडे. रिंगचं तोंड खाचेतल्या छोट्या पिनवर बसलं पाहिजे, नाहीतर ते पोर्टमध्ये अडकून तुटतं. पिस्टन-पिनची लॉक प्रत्येक वेळी नवी घ्यावीत. जुनं लॉक वाचवून थोडेसेच पैसे वाचतात आणि ते निसटलं की सगळा सिलिंडर जातो.

क्रँकची बेअरिंग बदलायची तर खोळ इलेक्ट्रिक शेगडीवर तापवा. पाण्याचा थेंब टाकला की तडतडून उडाला पाहिजे. त्या उष्णतेत खोळ इतकी पसरते की थंड बेअरिंग हातानं आत बसतं. मॅग्नेशियमच्या खोळीवर गॅसची थेट ज्योत मारू नये, आणि तिचा कीस टेबलावर साठू देऊ नये, तो पेट घेतो. अनेक चिनी मशीनमध्ये ६२०२ नंबरचं बेअरिंग असतं. तोच नंबर छताच्या पंख्यातही सापडतो, म्हणून दुकानदार पंख्याचं बेअरिंग काढून देतो. पंखा मिनिटाला तीन-साडेतीनशे फेरे घेतो, ही मशीन बारा-तेरा हजार. सी-३ लिहिलेलं, म्हणजे आत थोडी जास्त सैलाई ठेवलेलं, नामांकित कंपनीचंच बेअरिंग मागा. आणि खोळ उघडलीच आहे तर दोन्ही सील नवी घालाच.

कार्बोरेटर लावताना एल आणि एच दोन्ही स्क्रू हलक्या हातानं बंद करून प्रत्येकी साधारण एक फेरा उघडायचे. मशीन गरम होऊ द्यायची. एल असा लावायचा की थ्रॉटल दिल्याबरोबर ती न अडखळता उचल घेईल. मग पूर्ण थ्रॉटलला एच. इथे कानाचं काम आहे. मोकळी असताना आवाज किंचित फाटलेला, गुरगुरल्यासारखा हवा, आणि चेन लाकडात गेली की तोच आवाज स्वच्छ झाला पाहिजे. मोकळी असतानाच सणसणीत, एकसुरी किंचाळत असेल तर ती मरणाच्या वाटेवर आहे. घड्याळाच्या उलट्या दिशेनं एच थोडा उघडा. पंचवीस-तीस सेकंदांहून जास्त मोकळी पळवू नका. थ्रॉटल सोडल्यावर चेन फिरता कामा नये.

चाचणीचं लाकूड आधीच आडवं पडलेलं असावं. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग, खैर अशी झाडं स्वतःच्या शेतात असली तरी महाराष्ट्रात १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याखाली परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मशीन दुरुस्त करून देणाऱ्यानं गिऱ्हाइकाला हे सांगावं, असं मला मनापासून वाटतं. बांधावरचा आंबा उभा करायला दोन पिढ्या लागतात आणि आपण तयार केलेली मशीन तो काही मिनिटांत पाडते.

मशीन परत देण्याआधी चेन ब्रेक चालतो का ते पाहायलाच हवं. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की पट्टी डोळ्याचं पातं लवायच्या आत तोंडाकडे उसळते. पुढचा दांडा मनगटानं ढकलला की चेन तत्काळ थांबली पाहिजे. जुन्या मशीनवर हा ब्रेक तुटलेला, तारेनं बांधलेला, किंवा ‘अडचण होते’ म्हणून काढून टाकलेला असतो. असा ब्रेक दुरुस्त करू न देणाऱ्याला मशीन चालू करून देऊ नये. त्यात गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. कंपन सोसणारी रबरं फुटली असतील तर तीही बदला, कारण रोजच्या हादऱ्यानं बोटांच्या रक्तवाहिन्या कायमच्या दुखावतात आणि थंडीत बोटं पांढरी पडून बधिर होतात. आणि चेनच्या टाकीत इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल घालायची सवय सोडायला सांगा. त्यातल्या धातूच्या कणांनी तेलाचा पंप आणि पट्टीची खाच झिजते, आणि तेच तेल शेवटी शेतात सांडतं.

प्रत्येक मशीन उभी करण्याजोगी नसते. कनेक्टिंग रॉड वरखाली धरून हलवला आणि खालच्या टोकाला स्पष्ट खडखड लागली, किंवा बेअरिंगची बैठक खोळीत सैल झाली असेल, किंवा खोळच तडकली असेल, तर चिनी मशीनच्या बाबतीत खर्च परवडत नाही. चांगल्या जुन्या मॉडेलची मशीन मात्र अशी झाली तरी जपून ठेवावी. तिचा क्लच, कॉइल, स्टार्टरची स्प्रिंग, टाकीचं झाकण, हँडल, मॅग्नेट, सगळं दुसरीच्या कामी येतं. पार्ट सुटे करून रॉकेलनं धुऊन, मॉडेलचा नंबर लिहिलेल्या डब्यात ठेवावेत, आणि डब्यात एक चिठ्ठी टाकावी, ही मशीन कशानं गेली याची.